लॉक दोन्हीकडे लावलाय तरी यूज-आफ्टर-फ्री कसा येतो? (आमचं फाइल सिस्टिम मॉड्यूल, कर्नल ५.१५)

राजेंद्रनगर_इंदूर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे पण प्लीज पूर्ण वाचा, अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

मी इंदूरला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही बसमध्ये लावायचे कॅमेरा रेकॉर्डर बनवतो. चार कोअरचा ६४ बिट एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स ५.१५, आणि रेकॉर्डिंग ठेवायला मेमरी कार्ड. कार्डावर आमचीच छोटी फाइल सिस्टिम आहे, कर्नल मॉड्यूल म्हणून चालते. लिनक्सची नेहमीची एक्स्ट४ फाइल सिस्टिम का नाही वापरली असं कोणी विचारायच्या आत सांगतो की तो निर्णय माझ्या येण्याआधीचा आहे आणि एवढे डबे गाड्यांत बसलेत की आता बदलणं शक्य नाही.

कार्डाचे सारखे तुकडे पाडलेत, त्यांना आम्ही सेगमेंट म्हणतो. मेमरीत प्रत्येक वापरातल्या सेगमेंटचं एक स्ट्रक्चर असतं आणि ते नंबरवरून शोधायला एक टेबल आहे. तीन जण त्याला हात लावतात: रेकॉर्डर लिहितो, अपलोडवाला प्रोसेस वाचतो, आणि क्लीनर नावाचा कर्नल थ्रेड जुनं रेकॉर्डिंग पुसून जागा मोकळी करतो.

त्रास असा आहे की सरवटे बस स्टँडवरून उज्जैन-देवासला ज्या गाड्या जातात त्यातले काही डबे अधूनमधून आपोआप रीबूट होतात आणि तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंग जातं. सगळे नाही, काहीच. स्वस्तातलं कार्ड ज्यात आहे त्यात जास्त होतं असं माझं निरीक्षण आहे. ऑफिसमध्ये टेबलवर ठेवून दिवस दिवस चालवलं तरी काही होत नाही. शेवटी केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं टूल) लावून बिल्ड केलं आणि एकदाचा रिपोर्ट मिळाला: यूज-आफ्टर-फ्री (फ्री केलेली, म्हणजे परत दिलेली मेमरी नंतरही वापरणं), वाचणारा अपलोडवाला, आणि फ्री केलाय क्लीनरने, सेग_पुट मधून.

कोड थोडक्यात असा आहे, नावं देवनागरीत लिहितोय (रेफ म्हणजे सेगमेंट किती जणांनी धरलाय ती मोजणी, ॲटॉमिक म्हणजे मधे कोणी न शिरता एका दमात होणारं, डेक म्हणजे एकने कमी करणं, डर्टी म्हणजे बदललेला पण कार्डावर अजून न लिहिलेला, केफ्री म्हणजे मेमरी परत करणं):

सेग_गेट(नंबर):
— स्पिन_लॉक(टेबल)
— टेबलमध्ये शोध
— मिळाला तर ॲटॉमिक_इंक(रेफ)
— नाही मिळाला तर आधीच बनवून ठेवलेला नवा टेबलमध्ये टाक, रेफ = १
— स्पिन_अनलॉक(टेबल)

सेग_पुट(सेगमेंट):
— ॲटॉमिक_डेक_अँड_टेस्ट(रेफ), शून्य नाही झाला तर परत जा
— डर्टी असेल तर कार्डावर लिही
— स्पिन_लॉक(टेबल), टेबलमधून काढ, स्पिन_अनलॉक(टेबल)
— केफ्री

आता मला सांगा, टेबलला हात लावताना दोन्हीकडे लॉक आहे, रेफ ॲटॉमिक आहे, मग फ्री झालेला सेगमेंट अपलोडवाल्याच्या हातात पोचतोच कसा? लॉकडेप (लॉकच्या चुका शोधणारा कर्नलचा तपासनीस) चालू आहे, तो एक शब्द बोलत नाही. आणि सेग_गेट च्या सुरुवातीला एक प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकला की क्रॅश गायब! आमचे सीनियर म्हणतायत की मग तो प्रिंटके राहू दे, फील्डला पाठवून देऊ. मला ते पटत नाहीये पण माझ्याकडे त्यांना सांगायला कारणही नाहीये.

---

पलासिया_कोडर

तुमचा बोर्ड एआरएम आहे ना, मग मेमरी ऑर्डरिंगचा लोचा असणार. एआरएमवर एका कोअरने लिहिलेलं दुसऱ्याला उलट्या क्रमाने दिसू शकतं, एक्स८६ वर एवढं होत नाही. डेकच्या नंतर एक एसएमपी_एमबी (मेमरीचा क्रम पाळायला लावणारा बॅरियर) टाकून बघा. नाहीतर सरळ उपाय, स्पिनलॉक काढा आणि एक म्यूटेक्स (ज्यात झोपता येतं असा लॉक) सगळ्या गेट-पुटला बाहेरून गुंडाळा, चार कोअरच्या डब्यात कोणाला परफॉर्मन्स मोजायचाय. झंझटच संपली.

---

लष्कर_ग्वाल्हेर

राजेंद्रनगर, आधी तुमचं कौतुक करतो की प्रिंटकेवर समाधान मानलं नाहीत, आणि केसॅनचा रिपोर्ट मिळेपर्यंत दम धरलात. बरेच लोक इथेच सोडतात.

बॅरियरने काही होणार नाही. ॲटॉमिक_डेक_अँड_टेस्ट किंमत परत देतं म्हणून त्यात पूर्ण बॅरियर आधीच आहे. हा बग तुमच्या एक्स८६ लॅपटॉपवर, क्यूएमू एम्युलेटरमध्ये चार सीपीयू देऊन चालवलात तरी येईल. क्रम उलटा दिसण्याचा प्रश्नच नाहीये, सगळं अगदी सरळ क्रमाने घडून मग क्रॅश होतोय.

एक कोरा कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. डावीकडे क्लीनर, उजवीकडे अपलोड. आता एकेक ओळ लिहीत खाली या. क्लीनरच्या हातात सेगमेंट आहे, रेफ १. त्याने डेक केला, रेफ ०, त्याला उत्तर मिळालं की तूच शेवटचा. लॉक अजून घेतलेला नाही, त्याच्या आधी तर तुमची डर्टी लिहायची ओळ आहे, म्हणजे आता तो कार्डाची वाट बघत झोपलाय. उजव्या रकान्यात अपलोडवाला आला, त्याने नियमाप्रमाणे लॉक घेतला, टेबलमध्ये शोधलं, सेगमेंट तिथेच आहे कारण कोणी काढलेलाच नाही, रेफ शून्याचा एक केला, लॉक सोडला, पॉइंटर घेऊन निघून गेला. मग क्लीनर जागा झाला, लॉक घेतला, टेबलमधून काढला, लॉक सोडला, केफ्री. त्याला कुठे माहीत की मधल्या वेळात रेफ परत एक झालाय, तो तर शून्य बघून आलेला आहे. आता अपलोडवाला वाचतोय ती मेमरी दुसऱ्याच कोणाची तरी आहे.

स्वस्त कार्डवाल्या डब्यांत जास्त का होतं तेही यातच आलं. फट म्हणजे डेक पासून लॉकपर्यंतचा वेळ, आणि तुमच्याकडे त्या फटीत कार्डाचं राइट बसलंय. स्वस्त कार्ड आतल्या आत साफसफाई करायला लागलं की एकेक राइटला शेकडो मिलिसेकंद घेतं, तेवढा वेळ दार सताड उघडं. ऑफिसमध्ये तुम्ही बहुतेक चांगलं कार्ड वापरत असाल आणि अपलोडही तेव्हाच जुन्या फाइलला हात लावत नसेल.

प्रिंटकेचं पण हेच. सीरियल कन्सोल ११५२०० वर असेल तर ८० अक्षरांची एक ओळ जायला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक गेट तेवढा उशिरा झाला की दोन्ही रकान्यांची वेळ जुळत नाही, बस. फट जशीच्या तशी आहे. उद्या कोणी कन्सोल बंद केला, लॉगलेव्हल बदलला, कार्डाची कंपनी बदलली, की परत सुरू, आणि तेव्हा तुमच्याकडे केसॅनचा रिपोर्टही नसेल. सीनियरना हा दोन रकान्यांचा कागदच दाखवा, त्यावर वाद घालायला जागाच राहत नाही. आणि ज्याच्यात अपघाताचं रेकॉर्डिंग असू शकतं अशा डब्याबद्दल बोलतोय आपण, तिथे वेळेच्या भरवशावर राहायचं नसतं.

लॉकडेप गप्प का? कारण त्याचं काम लॉक कोणत्या क्रमाने घेतले ते बघायचं, २००६ साली २.६.१८ मध्ये आला तेव्हापासून तेच करतो आणि फार उत्तम करतो. पण इथे क्रमाचा प्रश्न नाही, लॉक एकच आहे. केसीसॅनवरही इथे विसंबू नका, तो मुख्यतः बिनालॉक केलेले साधे रीड-राइट शोधतो आणि तुमचं प्रत्येक पाऊल एकतर ॲटॉमिक आहे नाहीतर लॉकखाली आहे. प्रत्येक पाऊल सुटं बरोबर आहे, दोन पावलांच्या मधली जागा चुकीची आहे.

म्हणून मी नेहमी म्हणतो की रेस (दोघांची वेळ जुळली तरच येणारा बग) सोडवायला बसलात तर लॉक कुठे लावू हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी एक वाक्य लिहायचं, की कुठली गोष्ट कधीही खोटी होऊ द्यायची नाही. तुमच्याकडे ते वाक्य असं आहे: टेबलमध्ये जो सेगमेंट सापडतो तो जिवंतच असला पाहिजे. सध्याच्या कोडमध्ये रेफ शून्य झाल्यापासून टेबलमधून निघेपर्यंत हे वाक्य खोटं आहे. लॉक टेबलचं रक्षण करतोय, ॲटॉमिक रेफचं करतोय, आणि दोघांच्या मधल्या नात्याचं रक्षण कोणीच करत नाहीये.

पलासिया, तुमचा म्यूटेक्स चुकीचा नाही हं, डेकसुद्धा आत घेतलात तर हा बग खरंच जातो. पण मग कार्डाचं राइटही म्यूटेक्सच्या आत येतं, आणि तेवढा वेळ रेकॉर्डर सेग_गेटवर अडकून बसतो, कॅमेऱ्याच्या फ्रेम गळतात. एक मोठा लॉक घालून सगळं झाकायचं हे लिनक्सनेही केलेलं आहे, १९९६ ला २.० मध्ये बिग कर्नल लॉक आला आणि तो पूर्ण काढून टाकायला २०११ चं २.६.३९ उजाडलं. घालणं सोपं असतं, नंतर कोणती ओळ त्याच्या भरवशावर उभी आहे ते कोणालाच सांगता येत नाही म्हणून काढणं अवघड होऊन बसतं.

पहिलं काम, बग हातात आणा. डेक आणि लॉकच्या मधे एमस्लीप(२०), म्हणजे २० मिलिसेकंदांची झोप टाका, फक्त टेस्ट बिल्डमध्ये. एका बाजूला एकच फाइल उघड-वाच-बंद करणारा लूप, दुसऱ्या बाजूला क्लीनरला त्याच सेगमेंटवर ढकलत राहा. लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर माझं निदान चुकलंय असं समजा आणि परत इथे लिहा.

---

राजेंद्रनगर_इंदूर

दादा, पडला! चहा घेऊन येईपर्यंत केसॅनचा तोच रिपोर्ट, तेच स्टॅक. एवढे दिवस ज्याची वाट बघत होतो तो आता हवा तेव्हा पाडता येतोय. कागद पण काढला, सीनियरनी बघितला, प्रिंटकेचा विषय संपला.

आता दुरुस्ती कशी करू? डेक लॉकच्या आत घ्यायचा एवढं कळलं, पण मग डर्टीचं राइट स्पिनलॉकच्या आत येतंय आणि तिथे झोपता येत नाही. आणि राइट आधी करून मग डेक करावा तर डेक व्हायच्या आत कोणीतरी परत डर्टी करू शकतं. गोल गोल फिरतोय.

---

अलकापुरी_बडोदा

मी बडोद्याहून, स्टोरेज ड्रायव्हरवर काम करते. ग्वाल्हेरच्या दादांनी निदान अगदी बरोबर सांगितलंय, मी दुरुस्तीचं लिहिते.

सगळ्यात आधी ॲटॉमिक_टी काढून रिफकाउंट_टी लावा. २०१७ पासून, म्हणजे ४.११ पासून आहे तो कर्नलमध्ये. साधा ॲटॉमिक शून्याचा एक करतो आणि गप्प बसतो. रिफकाउंट_इंक ला शून्य दिसला तर तो तिथल्या तिथे वॉर्निंग देतो, ॲडिशन ऑन झीरो, यूज आफ्टर फ्री, आणि काउंट पुन्हा कधी शून्यावर येणार नाही असा अडकवून ठेवतो. म्हणजे तुमचा हा बग केसॅन नसलेल्या फील्डच्या डब्यातसुद्धा पहिल्याच दिवशी लॉगमध्ये नाव-गावासकट सापडला असता, आणि तोही चुकीची मेमरी वाचायच्या आधी. मला वाटतं नवीन कोडमध्ये ऑब्जेक्टच्या आयुष्यासाठी साधा ॲटॉमिक वापरायला आता काही कारणच नाही.

दुसरं, रिफकाउंट_डेक_अँड_लॉक बघा. तो असं करतो की काउंट एकपेक्षा जास्त असेल तर लॉकला हात न लावता कमी करून परत येतो, आणि शून्यावर जायची वेळ आली तर आधी लॉक घेतो मग कमी करतो. म्हणजे रेफ शून्य झाला त्या क्षणी लॉक तुमच्याच हातात. तुमच्या टेबलवर अपलोडवाला त्या फटीत शिरूच शकत नाही कारण फटच राहिली नाही.

कोणी तुम्हाला सांगेल की गेटमध्ये रिफकाउंट_इंक_नॉट_झीरो वापरा, शून्य असेल तर सापडला नाही असं समजा. ऐकायला छान आहे, पण तुमच्याकडे सापडला नाही म्हणजे नवा बनव असं आहे ना? मग जुना सेगमेंट डर्टी डेटा कार्डावर लिहितोय आणि त्याच वेळी त्याच नंबरचा दुसरा सेगमेंट कार्डावरून जुना डेटा वाचतोय. क्रॅश होणार नाही, केसॅन खूश, आणि रेकॉर्डिंगमध्ये चुकीचा डेटा. मला विचाराल तर हे क्रॅशपेक्षा वाईट, कारण हे कोणाला दिसतच नाही.

तुमच्या डर्टीच्या कोड्याला उत्तर कर्नलमध्येच आहे, आयनोडचं (फाइलसाठी कर्नल मेमरीत ठेवतो त्या स्ट्रक्चरचं) आयुष्य कसं संपतं ते बघा, ५.१५ च्या सोर्समध्ये एफएस फोल्डरमधली आयनोड.सी उघडा. आयपुट (आयनोडचा रेफ सोडणारं फंक्शन) असाच लॉकसकट डेक करतो. शेवटचा रेफ गेला आणि आयनोड काढायचं ठरलं की लॉकखाली आय_फ्रीइंग अशी खूण लावतो, मग लॉक सोडतो, मग निवांत जड कामं करतो, आणि सगळं झाल्यावर हॅश टेबलमधून काढून वाट बघणाऱ्यांना उठवतो. शोधणाऱ्याला मधल्या काळात तो आयनोड सापडला तर तो घेतही नाही आणि नवा बनवतही नाही, थांबतो, आणि उठल्यावर पहिल्यापासून शोधतो.

तुमच्यासाठी हे असं होईल:

सेग_पुट:
— माइट_स्लीप
— रिफकाउंट_डेक_अँड_लॉक, शेवटचा नसेल तर परत जा
— मरतोय = हो
— अनलॉक
— डर्टी असेल तर लिही
— लॉक, टेबलमधून काढ, अनलॉक
— वेक_अप_ऑल(टेबलची रांग)
— केफ्री

सेग_गेट मध्ये लॉकखाली सापडलेल्या सेगमेंटवर मरतोय ही खूण असेल तर लॉक हातात असतानाच प्रिपेअर_टू_वेट करून रांगेत उभे राहा, मग लॉक सोडा, मग शेड्यूल, फिनिश_वेट, आणि परत वर जाऊन नव्याने शोधा. हा क्रम बदलू नका. आधी लॉक सोडून मग रांगेत उभे राहिलात तर मधे वेक-अप होऊन जातो आणि तुम्ही कोणी उठवेल म्हणून बसून राहता, म्हणजे एक रेस काढून दुसरी घातली.

आणि एक बारीक गोष्ट जी मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा बघते: वाट बघायची रांग सेगमेंटच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवू नका. तो सेगमेंट फ्री होणार आहे, उठलेला माणूस रांगेतून नाव काढायला जाईल तेव्हा रांगच गेलेली असेल. आयनोडवाल्यांनी त्यासाठी सगळ्यांची मिळून एक सामायिक हॅश केलेली रांग वापरली आहे. तुम्ही टेबलमध्ये एक रांग ठेवा, पुरेशी आहे, उगाच उठलेले परत शोधतील आणि परत झोपतील, काही बिघडत नाही. उठल्यावर जुन्या पॉइंटरकडे ढुंकूनही बघायचं नाही.

माइट_स्लीप (इथे झोप लागू शकते असं सांगणारी तपासणी) सगळ्यात वर का, तर उद्या कोणी बायो (कार्डावर लिहिण्या-वाचण्याची विनंती) पूर्ण झाल्याच्या कॉलबॅकमधून, जिथे झोपता येत नाही, सेग_पुट बोलावला तर तो शेवटचा रेफ नसतानाही पहिल्याच टेस्टमध्ये ओरडा होईल. नाहीतर फक्त शेवटचा रेफ तिथे पडला तेव्हाच कळतं, आणि ते कधी होईल सांगता येत नाही. ॲटॉमिक स्लीपचं डीबग ऑप्शन टेस्ट बिल्डमध्ये चालू ठेवा म्हणजे झालं.

---

पलासिया_कोडर

बॅरियरचं मागे घेतो, डेक_अँड_टेस्ट मध्ये असतो हे लक्षात नव्हतं आलं. ताई, एक विचारतो, डर्टी लिहिताना कार्डाने एरर दिला तर? पुट तर काही परत करत नाही.

---

अलकापुरी_बडोदा

चांगला मुद्दा. एरर आला तरी टेबलमधून काढणं आणि वेक_अप_ऑल ह्या दोन्ही गोष्टी झाल्याच पाहिजेत, एररच्या वाटेवर मधूनच रिटर्न केलंत तर मरतोय खूण तशीच राहील आणि तो सेगमेंट मागणारा प्रत्येक जण कायमचा लटकेल. आणि एरर गिळू नका, मॅपिंग_सेट_एरर करून त्या फाइलच्या मॅपिंगवर नोंदवा म्हणजे एफसिंक (डेटा कार्डावर पोचवून घेणारा कॉल) करणाऱ्या रेकॉर्डरला तो कळेल. गाडीत कार्ड खराब होणं ही रोजची गोष्ट आहे, ही वाट कधीतरी चालणारच.

---

राजेंद्रनगर_इंदूर

ताई, दादा, सगळं केलं. रिफकाउंट_टी लावला, मरतोय खूण, रांग टेबलमध्ये, एमस्लीप तसाच ठेवून टेस्ट. केसॅन पूर्ण शांत. पण आता नवीनच काहीतरी: क्लीनर थोड्या वेळाने अडकतो, क्रॅश नाही, नुसता थांबतो, आणि लॉगमध्ये येतं की टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक्ड आहे. स्टॅक बघितला तर सेग_पुट, त्याच्या आत डर्टी राइट, त्याच्या आत मेटाडेटा अपडेट, आणि त्याच्या आत सेग_गेट मध्ये झोपलाय. लॉकडेप इथेही गप्प.

---

लष्कर_ग्वाल्हेर

स्टॅकमध्येच उत्तर आहे, वरून खाली परत वाचा. मेटाडेटा अपडेट नंबर देऊन सेग_गेट मागतोय, आणि तो नंबर बहुतेक त्याच सेगमेंटचा आहे जो मरतोय. म्हणजे क्लीनर मरतोय खूण स्वतःच लावून, ती उतरायची वाट स्वतःच बघतोय. कोणी उठवणार नाही कारण उठवणारा तोच आहे.

आधीच्या कोडमध्येही हे होतंच, फक्त तेव्हा आतला गेट शून्याचा एक करायचा, मग आतला पुट परत शून्य करून फ्री करायचा आणि मग बाहेरचा पुट तोच दुसऱ्यांदा फ्री. डबल फ्री. तुमच्या फील्डच्या काही क्रॅशचं कारण हे असेल तर मला नवल वाटणार नाही. तेव्हा हा अडकला ते चांगलं झालं, आधी झाकलेलं होतं ते उघडं पडलं.

लॉकडेप यात काही बोलत नाही कारण त्याच्या दृष्टीने हा लॉकच नाहीये, एक बूलियन आणि एक रांग आहे. तुम्हाला हवं तर लॉकडेप_मॅप घालून त्याला सांगता येतं की ह्या वाट बघण्याला लॉक समज, पण एवढ्या छोट्या मॉड्यूलला मी आधी तो उलटा गेटच काढेन. राइट करणाऱ्या फंक्शनला सेगमेंटचा पॉइंटर द्या, नंबर देऊ नका. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याने ती परत काउंटरवरून मागायची नाही. आणि राइटच्या वाटेवर दुसऱ्या सेगमेंटचा गेट लागत असेल, उदाहरणार्थ समरीचा सेगमेंट वेगळा असेल, तर नियम ठरवा की डेटावाला मरताना समरीवाल्याची वाट बघू शकतो, उलट कधीच नाही. तो नियम स्ट्रक्चरच्या वर कमेंटमध्ये लिहा. एक्सएफएस, एक्स्ट४ वाल्यांनी असे लॉकचे क्रम कोडच्या वर लिहून ठेवलेत, वाचून बघा किती कामाला येतात.

अजून एक बघून घ्या, विचारलं नाहीत तरी सांगतो. अनमाउंटच्या वेळी क्लीनरला कुठे थांबवता?

---

राजेंद्रनगर_इंदूर

नंबरच्या जागी पॉइंटर दिला, अडकणं बंद झालं. समरीचा नियम पण लिहिला, आमच्याकडे समरी खरंच वेगळ्या सेगमेंटमध्ये आहे.

क्लीनर मॉड्यूल एक्झिटमध्ये थांबवतो. चूक आहे का? डबा बंद होताना कधीकधी व्हीएफएस बिझी आयनोड्स आफ्टर अनमाउंट असं काहीतरी दिसतं खरं, पण बंदच होतोय म्हणून आम्ही लक्ष दिलं नव्हतं.

---

लष्कर_ग्वाल्हेर

हो, तीच ती. मॉड्यूल एक्झिट अनमाउंटच्या खूप नंतर येतं. युजरच्या प्रोसेसने फाइल उघडी ठेवली असेल तर अनमाउंट ईबिझी (वापरात आहे) असा एरर देऊन थांबतो, पण कर्नल थ्रेडने आयनोड धरलाय हे त्याला कळत नाही. सुपरब्लॉक (माउंट केलेल्या फाइल सिस्टिमची मूळ नोंद) जातो, आणि क्लीनर आपला आयनोड हातात धरून उरतो. मग त्याने आयपुट केला की तो गेलेल्या सुपरब्लॉककडे बघणार. तो मेसेज म्हणजे हेच. दुर्लक्ष करायचा मेसेज नाही हा, त्याच्या मूळ ओळीत पुढे सेल्फ-डिस्ट्रक्ट इन ५ सेकंड्स असं लिहिलेलं आहे ते उगाच नाही.

तुमच्या किल_एसबी (अनमाउंटला सुपरब्लॉक मोडणाऱ्या) फंक्शनमध्ये आधी केथ्रेड_स्टॉप, तो थ्रेड खरंच संपेपर्यंत थांबतो, आणि मगच किल_ब्लॉक_सुपर. क्लीनरने बाहेर पडताना धरलेला आयनोड सोडलाय हे बघा. आणि माउंट अर्धवट फसला तरीही किल_एसबी बोलावला जातो, तेव्हा एस_एफएस_इन्फो नल असू शकतो आणि क्लीनर सुरूच झालेला नसेल, ते तपासूनच स्टॉप करा.

---

अलकापुरी_बडोदा

यात माझी एक भर. टेस्टमध्ये एक लूप माउंट, थोडं लिहिणं, क्लीनरला ढकलणं, लगेच अनमाउंट असा ठेवा, फक्त उघड-वाच-बंदवाला पुरणार नाही. आणि तो एमस्लीप काढून टाकू नका, त्याला एका डीबग ऑप्शनच्या मागे ठेवा, झोपेचा वेळ यादृच्छिक करा, आणि अशीच एक फट गेटमध्ये रांगेत उभं राहिल्यावर लॉक सोडण्याच्या आणि शेड्यूलच्या मधेही घाला, फक्त तिथे एमडिले (न झोपता नुसतं थांबणारा) वापरा, एमस्लीप नको. रांगेत नाव घातल्यावर टास्कची स्थिती आधीच झोपलेली अशी लावलेली असते, एमस्लीप ती बदलून टाकतो आणि मग टेस्ट भलतंच काहीतरी तपासते. केसॅनचा बिल्ड रात्रभर ह्या दोन लूपवर चालू द्या, स्वस्तातलं कार्ड लावून.

---

राजेंद्रनगर_इंदूर

एमडिलेचं मला माहीत नव्हतं, मी तिथे एमस्लीपच टाकणार होतो. किल_एसबी बदललं, नल तपासला, दोन्ही लूप लावून काल रात्री सोडून आलो होतो. सकाळी केसॅन शांत, हंग टास्क नाही, बिझी आयनोडचा मेसेज नाही, रिफकाउंटची वॉर्निंग नाही. आता डाउनलोड केलेलं रेकॉर्डिंग आणि कार्डावरचं मूळ यांचं चेकसम जुळवणारी तिसरी टेस्ट लिहितोय, ताईंनी ते दोन सेगमेंटचं सांगितलं तेव्हापासून मनात आहे. ती झाली की स्ट्रक्चरच्या वरची कमेंट इथे टाकतो, कृपया दोघांनी एकदा वाचून बघा.